नळाच्या पाण्याचं माहेर : खानापूर तालुका

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



भाषणासाठी विचारणा झाली तेव्हा मी सेक्रेटरींना विषय विचारला. ते म्हणाले, "तुमच्या खात्याबद्दल नको, लोक नळाच्या तक्रारी घेऊन उभे राहतील. काहीतरी फिरण्याबिरण्याचं सांगा." त्यांचं ऐकून मी फिरण्याबद्दलच बोलणार आहे. पण नळ मधे येणार, त्याला माझा इलाज नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. वीस-बावीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत आहे आणि त्यातला बराच काळ पाण्याच्या पाइपलाइनींमागे गेला. साहित्यिक भाषा मला येत नाही. माझं आजोळ जांबोटीच्या बाजूचं, म्हणजे खानापूर तालुक्यातलं. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते निम्मं आजोळकडून आणि निम्मं नोकरीतून आलेलं आहे.

आपण धारवाडची मराठी माणसं सुट्टीत कुठे जातो? देवाला पंढरपूर, कोल्हापूर, गाणगापूर. हवापालटाला महाबळेश्वर. मुलांचा हट्ट असेल तर गोवा. मोठी सुट्टी मिळाली तर केरळ नाहीतर काश्मीर. यात वाईट काहीच नाही. पण आपण बेळगाव, मिरज, पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसतो तेव्हा ती गाडी कुठून जाते ते आठवा. मुगद, अळणावर, नागरगाळी, लोंढा, गुंजी आणि मग खानापूर. अळणावर सोडलं की खिडकीबाहेर झाडी दाट होते. त्या वेळी आपण डबा उघडलेला असतो. खानापूरला गाडी थांबते, चार माणसं उतरतात, चार चढतात. आपल्यातलं कुणी तिथे उतरत नाही. उतरायचं कशाला, असं आपल्याला वाटतं.

रस्त्याने गेलो तरी तेच. हायवेवर कित्तूर मागे टाकलं की एम. के. हुबळीजवळ एक मोठा पूल लागतो. त्या पुलाखालून जाते ती मलप्रभा. पावसाळ्यात गाडीतून "बघ बघ, केवढं पाणी" म्हणतो आणि पुढे जातो. हीच मलप्रभा पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला अडवली आहे. त्या जलाशयाचं नाव रेणुकासागर. साठवण क्षमता ३७.७३ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३० कोटी. आणि हुबळी-धारवाडच्या नळांना जे पाणी येतं त्याचा मोठा भाग या रेणुकासागरातून उचललेला असतो.

म्हणजे सकाळी चहाला ठेवलेलं आधण, देवघरातल्या कलशातलं पाणी, इथे बाप्पासमोर ठेवलेलं तीर्थ, हे सगळं मलप्रभेचं आहे. आणि मलप्रभेचं माहेर आहे खानापूर तालुका. सासरी आलेल्या लेकीकडून आपण रोज काम करून घेतो, पण तिचं माहेर आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? म्हणून आज खानापूरला फिरायला चला, एवढंच सांगायला उभा आहे.

आधी भूगोल थोडक्यात. खानापूर हे बेळगावच्या दक्षिणेला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. मलप्रभेच्या काठी वसलेलं. बाजारपेठ लहान. आजूबाजूची माती लाल, चिकट आणि कामाची. त्या मातीची कौलं, विटा, माठ पूर्वीपासून होतात. कुंभारकाम शिकवणारी केंद्र सरकारची संस्थासुद्धा खानापुरात आहे. गाव पाहायला अर्धा तास पुरे. खरं पाहायचं ते गावाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, जिथे सह्याद्री सुरू होतो.

आपल्या जुन्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांपुढे आणा. मधोमध आढं असतं. आढ्याच्या एका बाजूला पडलेला पाऊस अंगणात पागोळ्या धरतो, दुसऱ्या बाजूचा परसात. दोन थेंबांमध्ये वीतभर अंतर, पण एक पुढे जातो, एक मागे. सह्याद्री हे तसंच आढं आहे आणि खानापूर तालुका बरोबर त्या आढ्यावर बसलेला आहे.

या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, ३०४ किलोमीटर धावते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते. कृष्णेबरोबर तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात देगावला महादयी उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. तिसरी मार्कंडेय. ती बैलूरच्या बाजूने निघते. बेळगावकर जे राकसकोपचं पाणी पितात ते तिचं. म्हणजे पणजीच्या मांडवीवर बोटीत बसून फोटो काढणारा माणूस आणि धारवाडात चहा पिणारा माणूस, दोघांचं पाणी एकाच तालुक्यातून येतं. एवढ्या छोट्या जागेत असं सहसा सापडत नाही.

आता एकेक ठिकाण सांगतो. जवळच्यापासून सुरुवात करू.

पहिलं असोगा. खानापूरपासून चार-पाच किलोमीटर. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, नदीत मोठमोठे खडक आहेत, जवळच रेल्वेचा पूल आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही झेपेल अशी ही जागा. डबा घेऊन जावं, झाडाखाली बसावं. पूल पाहताना मुलांना सांगा, आपण ज्या गाडीने नेहमी जातो ती याच नदीवरून जाते.

दुसरं हब्बनहट्टी. जांबोटीच्या रस्त्याला, मलप्रभेच्या पात्राशीच स्वयंभू मारुतीचं स्थान आहे. जोराचा पाऊस झाला की देवळात पाणी शिरतं आणि मारुतीराया पाण्याखाली जातो. दरवर्षी पेपरात त्याचा फोटो येतो. लोक तो फोटो चमत्कार म्हणून पाहतात. मी पाण्याच्या खात्यातला माणूस, मला तो मोजपट्टीसारखा दिसतो. हब्बनहट्टीचा मारुती बुडाला म्हणजे वर कणकुंबीला भरपूर पाऊस झालाय आणि चार दिवसांत रेणुकासागराची पातळी चढणार. धारवाडला त्या दिवशी लख्ख ऊन असलं तरी काळजी करू नये. आणि उलटंही खरं. धारवाडला धो धो पाऊस आणि कणकुंबी कोरडी, तर धरण काही भरत नाही. सौंदत्तीच्या परिसरात पाऊस मुळातच कमी. धरण भरतं ते वरच्या डोंगराच्या जिवावर. त्यामुळे पेपरात धरणाची पातळी वाचताना शेजारी कणकुंबीच्या पावसाचा आकडा दिलेला असेल तर तोही वाचत जा.

तिसरं कणकुंबी. खानापूरहून जांबोटी अठरा-वीस किलोमीटर, तिथून पुढे कणकुंबी साधारण तेवढंच. समुद्रसपाटीपासून ७९२ मीटरवर. माऊली देवीचं देऊळ आहे आणि देवळाशी कुंड आहे. मलप्रभेचा उगम तिथे मानतात. देऊळ शांत आहे. दुकानांच्या रांगा, घंटांचा कल्लोळ असलं काही नाही. कुंडापाशी उभं राहिलं की पाहुणे बहुधा विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच. पट्टदकलची देवळं, ज्यांना १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, ती याच नदीच्या काठी आहेत. ऐहोळे याच नदीच्या काठी आहे. बसवेश्वरांचं कुडलसंगम हिच्याच शेवटाला. आणि सुरुवात एवढीशी. मुलांना हे दाखवायला हवं. पुस्तकात 'उगम' हा शब्द दोन मार्कांसाठी पाठ करणं वेगळं आणि त्या पाण्यात हात घालणं वेगळं.

कणकुंबीहून चिगुळे गावाकडे गेलं की आपण डोंगराच्या कडेवर येतो. पठार संपतं आणि खाली गोव्याकडचं जंगल पसरलेलं दिसतं. आढ्यावर उभं राहून पुढचं आणि मागचं अंगण एकाच वेळी पाहावं, तसं ते आहे. पुढे चोर्ला घाट. बेळगाव-जांबोटी-कणकुंबी-चोर्ला असा हा गोव्याचा रस्ता. पावसाळ्यात कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं. पण धुकं दाट, वळणं अवघड, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने धबधबे पाहू नयेत. ते काम मागच्या सीटवरच्यांचं.

या चोर्ला गावाच्या परिसरात एक प्राणी सापडला. आपल्याकडे त्याला देवगांडूळ म्हणतात. दिसतो गांडुळासारखा, पण आहे बेडकाच्या गणगोतातला. पाय नाहीत, जमिनीत राहतो, अंगाला पिवळा पट्टा. शास्त्रज्ञांनी २०११ साली ही जगाला अगोदर माहीत नसलेली जात म्हणून नोंदवली. लोक त्याला साप समजून मारतात. तो विषारी नाही, पिकाला त्रास देत नाही. माती भुसभुशीत ठेवणाऱ्यांपैकी तो एक आहे.

चौथं भीमगड. डिसेंबर २०११मध्ये सरकारने हे अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत भीमगड हा जुना किल्ला आहे. शिवकाळाशी त्याचा संबंध सांगतात. जंगलात गवे आहेत, अस्वलं आहेत, शेकरू आहे, धनेश पक्षी आहे आणि वाघाचाही वावर आहे. याच जंगलात तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे मोकळ्या शेपटीचं एक मोठ्या कानांचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि रॉटन नावाच्या वन अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. नंतर कितीतरी वर्षं असं समजलं जात होतं की सगळ्या जगात ते फक्त या गुहांमध्येच आहे. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. या गुहांत जायला परवानगी नाही आणि ती असूही नये. माणसांच्या आवाजाने आणि विजेऱ्यांच्या उजेडाने वटवाघळं जागा सोडतात. ती तिथे आहेत एवढं ठाऊक असलं की पुरे.

भीमगडच्या आसपास राहून पाहायचं असेल तर हेमाडग्याला वन खात्याचा निसर्ग शिबिराचा तळ आहे. वज्रपोहा धबधबाही याच भागातला, महादयीच्या पाण्याचा. पण तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. नियम ऋतूप्रमाणे बदलतात. निघण्याआधी खानापूरच्या वन कार्यालयात चौकशी करावी.

पाचवं, जाता-येता पाहण्यासारखं, नंदगड आणि हलशी. नंदगडला १८३१ साली संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं. त्यांच्या समाधीवर वडाचं झाड आहे. कित्तूरचा इतिहास आपण धारवाडकर शाळेपासून ऐकतो, त्याचा हा शेवटचा टप्पा. हलशी म्हणजे कदंबांची जुनी राजधानी, पलाशिका. भूवराह-नरसिंहाचं दगडी देऊळ आहे. राजधानी इथे का वसली असेल याचा विचार केला तर उत्तर परत तेच येतं : पाणी, जंगल आणि घाटमाथ्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटा.

आता कधी जायचं ते सांगतो. इथे माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. लोक जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे पाहायला पळतात. मी म्हणतो, दिवाळीनंतर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आकाश स्वच्छ असतं, रस्ते कोरडे असतात, जळवा नसतात. नदी तेव्हा शांत असते आणि तिच्याकडे नीट पाहता येतं. पाऊस थांबून चार महिने झालेले असताना हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न आपोआप पडतो.

त्याचं उत्तर पायाखाली असतं. या पठारावर जांभा दगड आहे, तांबडा, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं. वर जंगल असेल, पानांचा थर असेल, तर पाणी वाहून न जाता हळूहळू खाली उतरतं आणि महिनोन्‌महिने झऱ्यातून थेंबाथेंबाने बाहेर येतं. आम्ही इंजिनियर लोक टाक्या बांधतो, कोट्यवधी रुपये खर्च करतो. इथे डोंगरच टाकी आहे. जंगल तोडलं, माती वाहून गेली, तर पावसाळ्यात पूर येईल आणि मार्चमध्ये झरा आटेल. पाऊस तेवढाच पडूनही. २०१९च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला आलेला महापूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. खाली नदीकाठच्या गावांत नातेवाईक असलेल्यांनी तो सोसला आहे. नदी काठोकाठ भरून येते तशी ती रोडावतेसुद्धा, आणि दोन्हीची गुरुकिल्ली बऱ्याच अंशी वरच्या रानात आहे.

पावसाळ्यातच जायचं असेल तर हात जोडून एक सांगतो. मंडळातल्या तरुण मुलांनी विशेष ऐकावं. दर पावसाळ्यात आपल्या भागात धबधब्यावर, नदीत तरुण मुलं गेल्याच्या बातम्या येतात. म्हणून वन खातं पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला बंदी घालतं आणि मुलं आडवाटेने जातात. पाणी कसं मारतं ते समजून घ्या. तुम्ही उभे असता तिथे पाऊस नसतो, ऊनसुद्धा असतं. पण वर पाच-सात किलोमीटरवर ढग फुटलेला असतो. ते पाणी अर्ध्या-पाऊण तासाने तुमच्यापर्यंत येतं, आणि येतं ते भिंतीसारखं. खुणा असतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. यातलं एक जरी दिसलं तर वस्तू तिथेच टाकून वर चढा. शेवाळलेल्या खडकावर बूटसुद्धा टिकत नाहीत. धबधब्याखालच्या डोहात पाणी खाली ओढणारं असतं, तिथे पोहणाराही हरतो. सेल्फी काठावरून येतो, मागे पाणी दिसतं, तेवढं पुरे. घरी आई वाट पाहत असते.

आता थोडं नाजूक बोलतो. कणकुंबीला गेलात की कालव्याचं काम नजरेला पडेल. कळसा-भांडुरा हे नाव धारवाडात कुणाला ठाऊक नाही? महादयीच्या खोऱ्यातलं थोडं पाणी मलप्रभेत वळवायची ही योजना. त्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८मध्ये त्याने निकाल दिला. कर्नाटकाच्या वाट्याला एकूण १३.४२ टीएमसी आले. त्यातले मलप्रभेकडे वळवायचे ३.९०. म्हणजे कळसातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. यावर कर्नाटकाची, गोव्याची, शेतकऱ्यांची आणि जंगल सांभाळणाऱ्यांची वेगवेगळी मतं आहेत. मी सरकारी नोकर. व्यासपीठावरून या वादात पडणं माझ्या नोकरीच्या नियमात बसत नाही. पण आपल्यासारख्या मराठी माणसाची यात गंमत आणि अडचण दोन्ही आहे. आपलं घर धारवाडात, बहीण फोंड्याला दिलेली, मामा जांबोटीचा. एकाच घरातली तीन माणसं तीन बाजूंनी बोलतात. अशा वेळी निदान ती जागा डोळ्यांनी पाहून बोलावं. नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं. तिथे उभं राहिलं की कळतं, आपण ज्याला आकडा म्हणतो तो कुणाचा तरी ओहोळ आहे, आणि ज्याला कुणी ओहोळ म्हणतं ते आपल्या आईच्या हंड्यातलं पाणी आहे.

आणि तिथे माणसं राहतात. हे सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. भीमगडच्या आत छोटी छोटी मराठी बोलणारी गावं आहेत. भात पिकवतात, नाचणी करतात, काजू-फणस आहे. पावसाळ्यात ओढ्यांवरून येणं-जाणं बंद होतं. आजारी माणसाला खांद्यावर उचलून मैलोन्‌मैल चालत आणावं लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आता त्यांच्या पुनर्वसनाचा विषय पुढे आला आहे. काहींना बाहेर यायचं आहे, मुलांच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी. काहींना देव आणि शेत सोडवत नाही. ज्या रानाचं पाणी आपण पितो ते रान या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं. देवराईतली वाळलेली काटकीही त्यांनी उचलली नाही. आपण शहरात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून चिडतो, आणि ते खरंच आहे. पण पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्या बाईलाही उन्हाळ्यात घागर घेऊन चालावं लागतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. दरवर्षी आपण एक सहल काढतो. या वर्षी ती खानापूरची काढावी. सकाळच्या गाडीने जाऊ. सगळ्यांना परवडेल आणि अळणावर ते खानापूर जंगल खिडकीतून फुकट पाहायला मिळेल. या वेळी डबा जरा उशिरा उघडू. खानापुरातून गाड्या ठरवू. पहिल्या दिवशी असोगा, हब्बनहट्टी आणि कणकुंबी. एका दिवसात परतणाऱ्यांना एवढं पुरेल. मुक्काम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी हलशी, नंदगड किंवा परवानगी मिळाली तर हेमाडग्याचं जंगल.

जेवण धारवाडहून पातेली भरून न्यायचं नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आधी निरोप दिला तर घरगुती जेवण करून देणारी माणसं भेटतात. उकड्या तांदळाचा भात, भाकरी, रानभाजी, कुळथाचं पिठलं, हंगाम असेल तर तिथली रताळी. पैसे नीट द्यायचे, घासाघीस करायची नाही. आपले चार पैसे त्या गावात राहिले तर सहलीला अर्थ आहे. मध घ्या, काजू घ्या, खानापूरचा एखादा माठ घ्या. फ्रिजच्या पाण्यापेक्षा गोड लागतं.

सोबत काय न्यायचं? पाण्याची स्टीलची बाटली, टोपी, चांगले बूट, आणि एक रिकामी पिशवी. ती पिशवी आपला कचरा परत आणण्यासाठी. कणकुंबीच्या कुंडापाशी टाकलेली प्लास्टिकची बाटली पहिल्या पावसात प्रवासाला निघते. ती रेणुकासागरात पोचते, म्हणजे फिरून आपल्याच दारात येते. देवाला फुलं वाहायची तर कागदात बांधून न्या, प्लास्टिकमध्ये नको. अगरबत्तीचं वेष्टनसुद्धा खिशात ठेवायचं. जंगलात गाणी लावायची नाहीत. सकाळी धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, तो कुठल्याही स्पीकरपेक्षा मोठा आहे.

मुलांसाठी एक काम सुचवतो. घरी नळ सुरू झाला की एक नकाशा काढा. नळापासून मागे मागे जायचं. आपली गल्ली, टाकी, शुद्धीकरण केंद्र, रेणुकासागर, एम. के. हुबळीचा पूल, खानापूर, असोगा, हब्बनहट्टी, कणकुंबी. ज्याचा नकाशा पूर्ण होईल त्याला सहलीत खिडकीची जागा. बक्षीस म्हणून मंडळाने एवढं नक्की द्यावं.

आणि विसर्जनाबद्दल एक वाक्य बोलतो, रागावू नका. आपला बाप्पा मातीचा आहे, मंडळाने ती परंपरा जपली आहे, याचा मला अभिमान आहे. घरच्या मूर्तीही मातीच्या असाव्यात आणि निर्माल्य पाण्यात जाऊ नये. आपण ज्या पाण्यात त्याला निरोप देतो तेच पाणी पुढे कुणाच्या तरी देवघरात तीर्थ म्हणून जाणार असतं.

तुम्हा सर्वांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं धारवाडात आहेत. कुणाचे पणजोबा पेशवाईत आले, कुणाचे रेल्वेबरोबर, कुणी शाळामास्तर म्हणून. मूळ गाव विचारलं की आपण रत्नागिरी, सातारा, वाई सांगतो, आणि तिथे कुलदैवताला वर्षातून एकदा जातोच. ते चालू ठेवा. पण ज्या मातीने आपल्याला चार-पाच पिढ्या पाणी पाजलं, तिथेही वर्षातून एकदा जाऊन यावं. कणकुंबीच्या माऊलीची ओटी भरावी. ती आपल्या कुळाची देवी नसेल, पण आपल्या हंड्याची आहे.

सहलीची नावं नोंदवायची वही सेक्रेटरींकडे दिली आहे. पहिलं नाव मी माझं आणि आईचं लिहिलं आहे. आरतीची वेळ झाली, मुलं कधीची थांबली आहेत. 

गणपती बाप्पा मोरया!